झाकली मूठ

शिरसवाडीत कुणालाही, कधीही विचारून बघा, "तुमची मेंढरं किती?" माणूस आधी आभाळाकडे बघेल, मग चंची सोडेल, तंबाखू मळेल आणि म्हणेल, "हायती की धा-पाच." त्याच्या पाठीमागं माळावर मेंढरांचा लोंढा पसरलेला असेल, धुरळ्यानं पलीकडचं दिसत नसेल, तरी ती धा-पाचच. यात लबाडी नाही. धनगराच्या घरात जित्राबाचा आकडा तोंडातून काढायचा नसतो. मोजलं ते सरलं, असं तिथली माणसं मानतात. संध्याकाळी कळप वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरताना बिरुदेव बाजूला उभा राहून नुसता बघायचा आणि "बोडकी मेंढी अजून आली न्हाय" म्हणून परत माळाकडे चालू लागायचा. कोण आलं नाही ते त्याला बरोबर कळायचं. किती आली, ते त्यानं जन्मात मोजलं नव्हतं.

या बिरुदेवाची मुलगी रुपाली सोलापुरात राहून मोजायचंच शिक्षण घेत होती. विद्यापीठात एम.ए. अर्थशास्त्राचं तिचं शेवटचं वर्ष होतं, आणि तिनं हट्टानं निवडलेल्या विषयाचं नाव होतं पर्यावरण आणि नैसर्गिक संसाधनांचं अर्थशास्त्र. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, बँकिंग घेतलं असतंस तर नोकरी तरी लागली असती, हे झाडाझुडपांचं अर्थशास्त्र घेऊन काय करणार आहेस? तिचा भाऊ सिद्धनाथ चिंचोळी एमआयडीसीत पाळीवर जायचा, तोही फोनवर हेच ऐकवायचा. रुपाली वाद घालायची नाही. तिचं कारण तिच्यापाशी होतं.

ते कारण बिराजदार सरांनी पहिल्याच तासाला दिलं होतं. सर अक्कलकोटकडचे, बोलण्यात कानडी हेल, माणूस मनानं चांगला. त्यांनी खिडकीबाहेरचं मोकळं रान दाखवून विचारलं, याची किंमत किती? पोरांनी एकराचा भाव सांगितला. सर म्हणाले, तो जमिनीचा भाव झाला. त्यावरच्या गवताची किती, खाली मुरणाऱ्या पाण्याची किती, तिथं चरून जाणाऱ्या जनावराच्या पोटाची किती? मग सर जे बोलले ते रुपालीनं काळजात ठेवून दिलं.

"ज्याची किंमत कुणी काढली नाही, त्याची किंमत सरकारदरबारी शून्य धरतात. आणि शून्याची वस्तू कुणीही उचलून नेतं."

हे ऐकताना तिला बिरोबाचा माळ दिसला. शिरसवाडीच्या मावळतीला तो पसरलाय, ओढ्यापासून थेट टेकाडावरच्या देवळापर्यंत. कागदावर ते गायरान आहे, म्हणजे मालकी सरकारची आणि वापर गावाचा. सरकारनं त्याच्या उताऱ्यावर 'पडीक' लिहून ठेवलंय. पडीक म्हणे! त्या पडीकावर पवन्या आणि मारवेल गवत माजतं आणि अख्ख्या गावाची मेंढरं, शेरडं त्याच्यावर वर्षाचे आठ महिने काढतात. शेजारच्या गावाचा असाच एक माळ सौरऊर्जेच्या कंपनीनं घेतला होता. तिथं आता काचेच्या पाट्या उन्हाकडे तोंड करून उभ्या आहेत, आणि तिथली मेंढरं कुठं गेली हे कुणी विचारत नाही. आपल्या माळाची किंमत आपणच काढायची, ती कागदावर चांगली भरभक्कम लिहायची आणि कंपनी आली की तो कागद तिच्यापुढं धरायचा, असं रुपालीनं ठरवलं. लघुप्रबंधाला तिनं तोच विषय घेतला.

दिवाळीच्या सुट्टीत ती छापील प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन गावात आली. विचारायच्या गोष्टी मुख्यतः दोनच होत्या. पहिली, तुमची जनावरं किती आणि माळावर किती दिवस चरतात. म्हणजे तेवढा चारा विकत आणायचा तर काय पडेल, त्यावरून माळाची किंमत निघते. दुसरी, हा माळ आहे असा राखायचा तर तुम्ही महिन्याला किती पैसे द्यायला तयार आहात? परदेशी पुस्तकांत हा दुसरा प्रश्न फार मानाचा आहे. तो विचारून तिकडच्या पंडितांनी नद्यांच्या, जंगलांच्या, पक्ष्यांच्यासुद्धा किमती काढल्यात.

रुपालीनं तो प्रश्न पहिल्यांदा विचारला आपल्या आत्याला. केराबाई बिरुदेवाची थोरली बहीण, तरुणपणीच माहेरी परत आलेली. रुपालीची आई गेल्यावर तिनंच पोरीला वाढवलं होतं. ती ओट्यावर लोकर पिंजत होती. प्रश्न ऐकून तिनं हातातलं काम खाली ठेवलं.

"माळ इकत घ्यायचाय व्हय आमाला? त्यो आमचाच की."

रुपालीनं समजावलं, की आत्या, विकत नाही घ्यायचा, समजा तो जाणारच आहे आणि तुला राखायचाय, तर तू काय देशील? केराबाईनं तिच्याकडे असं बघितलं, की पोरगी सोलापूरला शिकायला गेली की आणखी कुठं. बिरोबाच्या माळाचं भाडं मागायची अक्कल तुला त्या कॉलेजानं दिली का, असं तिनं रोखठोक विचारलं आणि पुन्हा लोकर हातात घेतली. रुपालीनं रकान्यात शून्य लिहिलं. गावातल्या बहुतेक घरांत शून्यच लिहावं लागलं. पुढं पुस्तकात तिला सापडलं, की असं शून्य हे खरं उत्तर नसून निषेध आहे, आणि असली उत्तरं हिशेबातून वगळायची असतात. म्हणजे ज्यांनी माळाला अनमोल म्हटलं त्यांना अर्थशास्त्रानं बाहेर काढलं, आणि ज्या दोन-चार दुकानदारांनी पोरीचं मन राखायला वीस-तीस रुपये सांगितले, तेवढेच आत राहिले.

तरी पहिला प्रश्न होता. सगळी भिस्त त्या जनावरांच्या आकड्यावर होती, आणि तिथं जे व्हायचं तेच झालं. हायती की धा-पाच. असतील पंधरा-वीस. काय तरी हायती, लिव तुला वाटंल ती. मायाळू माणसं होती, चहा पाजल्याशिवाय कुणी सोडलं नाही, पण आकडा म्हटला की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. ही त्यांच्याच ताटात जेवून मोठी झालेली पोरगी. कुणाच्या घरी काय आहे हे तिला दिसत होतं. तिच्या मनात आलं, खऱ्याला जवळ जाईल असा अंदाज आपणच लिहून टाकावा.

पण आधी आपल्या घराची प्रश्नावली भरायची होती. ती भरायला बसली आणि पेन जागचं हललं नाही.

त्याचं असं होतं. रुपाली तिसरीत असताना तिला शंभराच्या पुढचे अंक नव्यानं येऊ लागले होते आणि ती दिसेल ते मोजत सुटायची. एका संध्याकाळी वाघरीजवळच्या दगडावर उभी राहून तिनं घरची मेंढरं मोठ्यानं मोजायला घेतली. नव्वदीत गेली तेव्हा केराबाईनं धावत येऊन तिचं तोंड दाबलं. त्याच पावसाळ्यात कळपात देवी आल्या. रोज सकाळी बिरुदेव वाघरीतून मेलेली मेंढरं ओढून बाहेर काढायचा. पोरीला कुणी एका शब्दानं बोललं नाही. आत्यानं नुसता तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि देवापुढं कान धरायला लावले. पुढं रुपाली शिकली, देवीचा रोग विषाणूनं होतो हे तिला कळलं, लशीचं नावसुद्धा तिला माहीत होतं. पण शिकलेलं डोक्यात राहतं आणि भ्यालेलं पोटात, आणि त्या दिवशी पोट जिंकलं. आपल्या बापाच्या मेंढरांचा खरा आकडा आपल्या हातानं लिहायची तिची छाती झाली नाही. तिनं 'बावीस' लिहिलं. बावीसला जवळचंही काही नव्हतं. मनात आलं ते लिहून मोकळी झाली.

एकदा आपलं झाकलं म्हटल्यावर दुसऱ्याचं कोणत्या तोंडानं उघडं करणार? दुसऱ्यांच्या कळपाला लागलेली दृष्ट चालेल आणि आपल्याला नको, हे तिला पटेना. जे ज्यानं सांगितलं तेच तिनं ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिनं स्वतःची समजूत घातली. आणि नियमानं बघितलं तर तिचं कुठं चुकलं होतं? उत्तर देणारा सांगेल ते लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, हे तर सरांनीच शिकवलं होतं.

सरांनी तक्ते वाचले आणि चष्मा कपाळावर चढवला. "एवढा मोठा माळ, आणि जनावरं एवढीच? तपासून बघितलंस का रुपाली?"

"हो सर," ती म्हणाली.

सरांनी सरकारी पशुगणनेशी आकडे ताडून बघितले. ते जवळपास जुळले. जुळणारच की! पशुगणनेच्या माणसालाही गावानं तेच सांगितलं होतं. सर खूश झाले. इतका स्वच्छ क्षेत्राभ्यास बऱ्याच दिवसांत झाला नाही म्हणाले, आणि विभागाच्या संशोधन अंकात त्यांनी तो छापायला घेतला. माळाची किंमत किरकोळ निघाली होती, ते रुपालीला दिसत होतं. पण शून्य तर नाही ना, असं तिनं मनाला सांगितलं. छापील अंकावर आपलं नाव बघून तिला आनंदच झाला, खोटं कशाला बोला.

तो अंक तिनं घरी नेला. बिरुदेवाला अक्षरओळख नाही. त्यानं धोतराला हात पुसून पुस्तक घेतलं, उलटंसुलटं केलं, लेकीचं नाव कुठं आहे ते विचारून त्यावर बोट फिरवलं. मग उठून ते देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी ठेवलं आणि त्याच्या मुखपृष्ठावर भंडाऱ्याचं बोट ओढलं. दारात येणाऱ्या प्रत्येकाला तो देव्हाऱ्याकडे हात करून सांगायचा, की आमच्या माळाचं पुस्तक हाय, रुपीनं लिवलंय. त्यात काय लिवलंय, हे त्यानं विचारलं नाही. पोरीनंही वाचून दाखवलं नाही.

उन्हाळा लागला आणि सरांचा फोन आला. ते फार आनंदात होते. बिरोबाच्या माळावर सौरऊर्जेचा प्रकल्प येतोय, त्याचा परिणाम अभ्यासणाऱ्या संस्थेनं विभागाकडे माहिती मागितली होती आणि सरांनी तिचा अभ्यास पाठवला होता. "तुझ्या कामाचा उपयोग होतोय. विद्यार्थ्याचं काम धोरणापर्यंत पोचणं सोपं नसतं," ते म्हणाले. गावात सुनावणी होती, तिनं जावं, असंही त्यांनी सुचवलं. रुपाली वसतिगृहाच्या जिन्यात उभी होती. तिथंच पायरीवर बसली. जो कागद माळाच्या आड उभा राहायचा होता, तोच कंपनीच्या हातात गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं गावात आली. दिवस मावळायच्या आत चार घरं फिरली आणि सांगत सुटली, की उद्या साहेब विचारतील तेव्हा खरी मेंढरं सांगा, न्हाईतर माळ जाईल. माणसं ऐकून घेत होती. व्हय व्हय, सांगू की, म्हणत होती. तिला त्यांचं व्हय व्हय चांगलं ओळखता येत होतं. घरी आल्यावर तिनं बापाला सगळं सांगितलं, फक्त एक सोडून. पुस्तकातला आकडा खोटा आहे आणि तो आपणच लिहिलाय, हे काही तिच्या तोंडून निघालं नाही. उद्या आपला आकडा सांगा, एवढंच ती म्हणाली.

"बगू की," बिरुदेव म्हणाला.

सुनावणी शाळेपुढच्या लिंबाखाली झाली. टेबलावर हिरवं कापड, पाण्याच्या बाटल्या, लाऊडस्पीकर. आलेले अधिकारी तरुण होते, बोलायला सभ्य. खलनायक असते तर रुपालीला सोपं गेलं असतं. त्यांनी सांगितलं, की प्रकल्पाला माळ लागणार आहे, पण गावाच्या जनावरांचा विचार केलेला आहे. विद्यापीठाचा अभ्यास आहे, तोही गावच्याच लेकीनं केलेला, आणि त्यात माळावर अवलंबून असलेल्या जनावरांची पक्की संख्या दिली आहे. तेवढ्या जनावरांना पुरेल असा ओढ्याकाठचा पट्टा चराईला सोडला जाईल आणि बाकीच्या माळाला कुंपण पडेल. नकाशावर त्यांनी तो पट्टा दाखवला. माणसं माना वाकडी करून बघत राहिली. माळापुढं तो म्हणजे लुगड्याचा काठ होता, आणि लुगडं कंपनीचं.

रुपाली उठून उभी राहिली.

"साहेब, त्या अभ्यासातले आकडे बरोबर नाहीत. जनावरं पुष्कळ जास्त आहेत."

"अभ्यास कुणाचा आहे?"

"माझाच."

मागं कुणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, मग बरोबर आकडा काय आहे, सांगा, मी आत्ता नोंद करतो. माणूस खरंच लिहून घ्यायला तयार होता. रुपालीनं तोंड उघडलं आणि तिची नजर बायकांच्या घोळक्यात बसलेल्या केराबाईवर गेली. केराबाई मान हलवत होती, हलकेच, नको नको अशी. तिच्या शेजारणींनी पदर तोंडावर घेतले होते. सगळं गाव श्वास धरून बसलं होतं, आणि भीती कंपनीची नव्हती. रुपालीला आकडा आठवेना. आठवणार कुठून? तोही तिनं नव्वदीतच सोडला होता.

"मी नक्की नाही सांगू शकत," ती म्हणाली, "पण जास्त आहेत."

अधिकाऱ्यांनी समजुतीनं घेतलं. असं करू, म्हणाले, उद्या सकाळी आमचा माणूस येईल, प्रत्येक घराच्या वाघरीपाशी उभा राहील आणि एकेक मेंढरू मोजून घेईल. जास्त निघाली तर पट्टा वाढवून देऊ. याहून सरळ गोष्ट दुसरी काय असणार? माळ वाचवायची वाट माणसानं दारात आणून ठेवली होती. रुपालीच्या जिवात जीव आला. आणि तेवढ्यात तिचा बाप उभा राहिला.

बिरुदेवानं आधी तिच्याकडे बघितलं, मग साहेबाकडे. सभेत तो कधी बोलला नव्हता, आवाज जरा फाटला.

"पुस्तकात आमच्या नावावर किती लिवल्यात?"

अधिकाऱ्यांनी पान उलटून शोधलं. "बिरुदेव… बावीस."

बावीस हे बिरुदेवानं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आपल्या डोळ्यांपुढं रोज संध्याकाळी जे वाघरीत शिरतं ते बावीस नाही, हे कळायला मोजता यावं लागत नाही. त्यानं लेकीकडे पुन्हा बघितलं. ती भर सभेत मान खाली घालून उभी होती, मागं लोक कुजबुजत होते, आणि उद्या साहेबाचा माणूस बोट नाचवत वाघरीपाशी उभा राहणार होता.

"मंग बावीसच," तो म्हणाला. "मोजायला कुणी यायची गरज न्हाय. माझ्या लेकीनं शिकून लिवलंय. माझी ल्येक खोटं लिवत न्हाय."

"आबा, असं नका…" रुपाली म्हणाली.

"तू खाली बस."

तो स्वतःही बसला. मग शेजारचा उठला आणि म्हणाला, आमची बी पुस्तकात हायती तेवढीच. मग त्याच्या पलीकडचा. मग एकेकानं उठायचंही सोडलं, बसल्या जागेवरून माना डोलावल्या. अधिकाऱ्यांनी दोनदा विचारून खात्री केली आणि ग्रामस्थांनी अभ्यासातील संख्येला दुजोरा दिला, असं लिहून घेतलं. केराबाईनं सुटकेचा श्वास टाकलेला रुपालीला दिसला. गावानं आपली मेंढरं दृष्टीपासून वाचवली होती. वर एका पोरीची इभ्रतही राखली होती. हात दाखवून अवलक्षण हे काय असतं ते रुपालीला त्या लिंबाखाली कळलं, आणि अवलक्षण तिच्या एकटीच्या हाताचं नव्हतं.

सोलापूरला परतल्यावर तिनं बिराजदार सरांना सगळं सांगितलं. बावीसचं, देवीचं, सभेचं. सर बराच वेळ टेबलावरची काच पुसत बसले. मग म्हणाले, "मी तुला विचारलं होतं रुपाली." तेवढं म्हणायचा त्यांना अधिकार होता. तिनं मान हलवली. ती दारापर्यंत गेली, तर त्यांनी परत बोलावलं. पशुपालक समाज जनावरांची संख्या कमी का सांगतो, यावर फारसं काम झालेलं नाही, हा चांगला पेपर होईल, जमलं तर लिही, असं ते म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना खरंच तिचं भलं करायचं होतं, आणि म्हणूनच तिला त्यांचा इतका संताप आला, की ती उत्तर न देता बाहेर पडली. निकालात तिला त्या विषयात सगळ्यांत जास्त गुण पडले.

कुंपण पावसाळ्याआधीच पडलं. ओढ्याकाठचा पट्टा मृगाच्या पावसानंतर एकदा हिरवा झाला आणि गावाच्या मेंढरांनी तो पंधरवड्यात मातीपर्यंत खरवडला. एरवी बिरुदेव कळप घेऊन लांबच्या शिवारात उतरायचा, शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घ्यायचे. पण आता जिकडं तिकडं ऊस उभा, बांधावर पाय टाकू देईना कुणी. तारेच्या पलीकडं पाट्यांच्या सावलीत मारवेल वाढत होती, ती कंपनीची माणसं यंत्रानं कापून पेटवून देत होती. मेंढरं तारेला नाक लावून उभी राहायची. दिवाळीच्या आत त्यांच्या फासळ्या दिसायला लागल्या, आणि बिरुदेवानं व्यापाऱ्याला निरोप धाडला.

रुपाली त्या दिवशी घरी होती. ट्रक वाघरीपाशी मागं घेऊन लावला, फळी टाकली. व्यापारी सोलापूरचा, वयस्क, अदबीनं वागणारा. तो बिरुदेवाला म्हणाला, "मामू, तुम भी साथ में गिनो, बाद में कमी-जादा नको." बिरुदेव म्हणाला, तुमीच मोजा. तो जाऊन ओट्यावर वाघरीकडे पाठ करून बसला. केराबाई घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

व्यापाऱ्याचा माणूस फळीच्या कडेला उभा राहिला आणि एकेक मेंढरू चढेल तसा मोठ्यानं मोजू लागला. एक. दो. तीन. त्याचा आवाज खणखणीत होता, साऱ्या आळीला ऐकू जात होता. आसपासच्या घरांतली माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहिली. बावीसावं चढलं तेव्हा वाघरीत काही कमी झाल्यासारखंसुद्धा दिसत नव्हतं. मोजणं चालूच राहिलं. नव्वद आलं, आणि रुपालीला वाटलं, आता कुणीतरी धावत येऊन या माणसाचं तोंड दाबेल. कुणी आलं नाही. बोडकी सगळ्यांत शेवटी होती, ती फळीवर पाय टाकेना, तिला उचलून वर घेतली.

"एकसौ छत्तीस," माणूस ओरडला आणि फळी ओढून घेतली.

ट्रक वळणापलीकडं गेला. धुरळा खाली बसेपर्यंत रुपाली तिथंच उभी होती. मग ती ओट्यापाशी आली. बापाची पाठ तशीच होती. तिला वाटलं, काहीतरी बोलावं, पाया पडावं, रडावं. त्यातलं काहीच झालं नाही. बिरुदेव उठला, आत गेला, देव्हाऱ्यातलं पुस्तक घेऊन आला आणि त्यावरचा भंडारा धोतराच्या सोग्यानं पुसून त्यानं ते तिच्या हातात दिलं.

"ऐकलंस न्हवं?" तो म्हणाला. "आता लिव."